पुढं दोन, मागं एक: शेडमध्ये तीनचाकी मोटार बांधताना

तीनचाकी मोटारीचं खरं आकर्षण तिच्या मागच्या चाकात आहे. तिथं एकच चाक असल्यामुळं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी) लागत नाही, दोन ॲक्सल शाफ्ट लागत नाहीत. मोटारसायकलचं इंजिन, गिअरबॉक्स, चेन, मागचं चाक धरणारा स्विंग आर्म असा सगळा संच उचलून मागं बसवता येतो. पुढं जुन्या चारचाकीची स्टिअरिंग आणि ब्रेक असलेली दोन चाकं येतात. या दोन संचांना जोडणारी चौकट, पुढची चाकं चौकटीला धरणारे आर्म आणि बॉडी एवढंच आपण बांधायचं. एक वेल्डर, एक लेथ आणि एक मोकळी शेड असेल तर हे काम दोन-तीन माणसांच्या आवाक्यातलं आहे.

इंग्लंडात ही परंपरा जुनी आहे. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये पहिली तीनचाकी बांधली. पुढं दोन चाकं, मागं एक, आणि अगदी पुढं व्ही-ट्विन इंजिन. तिथं तीनचाकीला कर कमी पडे आणि मोटारसायकलच्या लायसनवर ती चालवता येई, म्हणून घरी जोडायच्या संचांचा धंदा वाढला. लोमॅक्सचा संच सिट्रोएन २सीव्हीच्या सांगाड्यावर बसे, जेझेडआरचा होंडा सीएक्स ५०० च्या इंजिनावर, ट्रायकिंगचा मोटो गुझीवर. आपल्याकडं असा खोक्यात भरलेला संच मिळत नाही, तो स्वतःच जमवावा लागतो. सांगली-सातारा पट्ट्यात ते जमतं. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसी, कऱ्हाड इथं लेझर कटिंग आणि लेथचं जॉबवर्क करून मिळतं, रिक्षाचं हूड आणि रेक्झिन शिवणारे जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, आणि साताऱ्यात तर महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बनत होती. भंगारातलं सामान ओळखणाऱ्या माणसांची इथं वानवा नाही.

आधी कायदा, मग कटर

गाडी कुठं चालवणार हे ठरवल्याशिवाय पहिला पाइप कापू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणं नोंदणीशिवाय कुठलंही मोटार वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणी हवी तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२६ खाली नमुना गाडीला तपासणी संस्थेची मान्यता लागते. पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी या त्यातल्या आपल्याला जवळच्या संस्था. ही वाट उत्पादकांसाठी आखलेली आहे. एकट्यानं हौसेसाठी बांधलेली एक गाडी तपासून पास करण्याची सोय तिच्यात नाही.

जुन्या गाडीचं आरसी बुक घेऊन तिची नंबरप्लेट नव्या सांगाड्यावर लावणं हा मार्गच नाही. कलम ५२ नुसार मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी दिसेल अशी गाडी बदलता येत नाही, आणि इथं तर गाडीच दुसरी झालेली असते. अपघात झाला तर विमा उभा राहणार नाही.

अशा गाडीला मोकळीक एकच आहे, ती कलम २(२८) मध्ये. कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेलं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. कॉलेजचं मैदान, कारखान्याचं आवार, कुंपण घातलेली मोठी बाग किंवा फार्म हे त्यात बसतं. पाणंद, शेतरस्ता, वस्तीवरचा रस्ता बसत नाही, कारण तिथं लोकांना येण्याजाण्याचा हक्क असतो. या लेखातली गाडी आवारातच चालवायची आहे, असं धरून पुढचं सगळं वाचा.

पुढं दोनच का

रिक्षाची रचना उलटी: पुढं एक, मागं दोन. वळणात ब्रेक मारला की वजन पुढं आणि बाहेरच्या बाजूला धावतं, आणि पुढं तर रुंदीच नसते. म्हणून रिक्षा कलंडते. पुढं दोन चाकं असली की ब्रेकचं वजन रुंद बाजूकडं जातं. पण नुसतं चाक पुढं नेऊन भागत नाही. वजनाचा मध्य मागं सरकला की ही रचनाही तेवढीच धोक्याची होते. हे कागदावर आधीच कळतं, आणि गाडीच्या वजनाच्या किती पट आडव्या जोराला ती उलटेल हे सांगणारं एकच सूत्र त्यासाठी पुरेसं आहे:

पुढच्या ट्रॅकचा अर्धा × (वजनाच्या मध्यापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर ÷ व्हीलबेस) ÷ मध्याची उंची. (ट्रॅक म्हणजे पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, व्हीलबेस म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर.)

समजा व्हीलबेस २२०० मिमी, पुढचा ट्रॅक १३०० मिमी. चालकासकट वजनाचा मध्य पुढच्या ॲक्सलच्या ७०० मिमी मागं, म्हणजे मागच्या चाकापासून १५०० मिमीवर, आणि जमिनीपासून ४५० मिमी उंच. ६५० × १५०० ÷ २२०० = ४४३, आणि ४४३ ÷ ४५० = ०.९८. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ असते. आपला आकडा पकडीपेक्षा मोठा आला, म्हणजे वळणात जोर जास्त झाला तर गाडी आधी घसरेल, उलटणार नाही. हेच आपल्याला हवं.

आता तोच मध्य मागं नेऊन बरोबर मधोमध, ११०० मिमीवर ठेवा. आकडा ०.७२ वर येतो. घसरण्याआधी आतलं चाक उचलेल. किंवा मध्य जागच्या जागी ठेवून सीट आणि इंजिन १०० मिमी वर चढवा. आकडा ०.८१. दिसायला गाडी तीच, पण पोटातून बिघडलेली. वळणात स्प्रिंग दबून गाडी झुकते, खड्ड्यानं धक्का बसतो, त्यामुळं कागदावर ०.९५ च्या खाली उतरू नका.

शेजारी-शेजारी दोन सीट हा मोह बहुतेकांना होतो. त्याचा हिशोब असा: एकूण ४२५ किलोत ७५ किलोचा चालक मधल्या रेषेपासून ३०० मिमी उजवीकडं बसला तर मध्य ५३ मिमी उजवीकडं सरकतो. ४४३ मधून ५३ गेले, ३९० राहिले, आणि आकडा ०.८७ झाला. डावीकडं वळताना गाडी उजवीकडं कलते, म्हणजे एकटा चालक असताना डावं वळण कायम कमजोर राहणार. ट्रॅक १४०० मिमी केला तर तो आकडा पुन्हा ०.९४ च्या आसपास येतो. दुसरी सीट मागं टाकली तर मध्य मागं सरकतो, तिथंही नुकसानच. म्हणून पहिली गाडी एका सीटची, तीही मधल्या रेषेवर, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सामान कुठलं घ्यायचं

पुढच्या चाकांसाठी मारुतीची ओम्नी व्हॅन शोधा. मारुती ८०० भंगारात मुबलक मिळते, पण तिची पुढची चाकं इंजिनाची ओढ घेणारी आहेत. तिच्या हबमधलं बेअरिंग ॲक्सलच्या नटानं आवळलेलं राहतं. ड्राइव्ह शाफ्ट काढून टाकला आणि मोकळं हब वापरलं तर बेअरिंगवरचा ताण जातो, चाक खेळायला लागतं आणि बेअरिंग लवकर जातं. ८०० चंच हब वापरायचं असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याचा दांडा हबमध्ये ठेवा, मागचा शाफ्ट कापून टाका आणि नट पूर्ण टॉर्कनं आवळा. ओम्नीची ओढ मागच्या चाकांना असते, त्यामुळं तिचं पुढचं हब साधं असतं आणि हा प्रश्नच येत नाही. पुढं डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल घ्या. दोन्ही गाड्यांची चाकं १२ इंची, चार बोल्टांची.

मागच्या बाजूला २०० ते ३५० सीसीची मोटारसायकल. १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांची चेन ४२८ मापाची असते, ती या वजनाला टिकत नाही. ५२० किंवा त्याहून रुंद चेनची गाडी निवडा. युनिट कन्स्ट्रक्शनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेली) बुलेट ३५० चालते, २८ न्यूटन-मीटर टॉर्क या कामाला चांगला. पण ती वाऱ्यावर थंड होणारी आहे आणि इथं इंजिन सीटच्या पाठीमागं कोंडलं जातं. त्यासाठी बॉडीत हवेची वाट काढावी लागते आणि १२ व्होल्टचा रेडिएटर फॅन सिलिंडरच्या फिन्सवर रोखावा लागतो. ऑइल कूलर असलेली गाडी मिळाली तर काम हलकं होतं.

गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून किंवा लिलावातून, पावतीसह घ्या. घरातलीच जुनी कापणार असाल तर आधी आरटीओत तिची नोंदणी रद्द करून घ्या. साताऱ्याची एमएच-११, कऱ्हाडची एमएच-५०, सांगलीची एमएच-१०, ज्या कार्यालयाची गाडी तिथं. चेसिस नंबरचा तुकडा कापून फेकू नका, कागदांबरोबर जपून ठेवा.

चौकट

खालची मुख्य चौकट ४० × ४० × २ मिमी स्क्वेअर ट्यूबची, वरची जाळी आणि आडवे-तिरपे आधार २५ × २५ × २ मिमीचे. पहिली मीटरला साधारण २.४ किलो, दुसरी १.४ किलो. ६ मीटरच्या दोन लांब्या मोठ्या आणि तीन लांब्या छोट्या आणल्या की पुरतं. ५ मिमी जाडीच्या पत्र्यातून आर्मचे कान (चौकटीवरच्या, आर्म बोल्टनं अडकवायच्या पट्ट्या) लेझरवर कापून घ्या. हातानं कापलेल्या कानांची भोकं एका रेषेत येत नाहीत, आणि तिथला १ मिमीचा फरक पुढं चाकाच्या कोनात दिसतो. सगळं धरून चौकट ६५ किलोच्या आत बसली पाहिजे. जाड ट्यूब घेतली की मजबुती वाढते असं वाटतं, पण मजबुती तिरप्या आधारांनी येते. ४० मिमी ट्यूबची चौकोनी खिडकी तिरप्या आधाराशिवाय ठेवली तर ती हातानंही पिळता येते.

जमिनीवर नाही, सपाट टेबलावर बांधा. दोन आय-बीम समांतर टाकून, पाणसळीनं समतल करून, त्यावर चौकट क्लॅम्प करा. मधली रेषा दोरी ताणून पक्की करा आणि प्रत्येक माप त्या दोरीपासून घ्या, बाजूच्या पाइपापासून नको. आधी सगळीकडं फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारा. दोन्ही कर्ण मोजा, फरक २ मिमीपेक्षा जास्त नको. मग वेल्डिंग एका कोपऱ्यात थोडं, समोरच्या कोपऱ्यात थोडं, असं फिरत-फिरत करा. एका बाजूनं सलग मारत गेलात तर चौकट केळ्यासारखी वाकते आणि थंड झाल्यावर ती सरळ होत नाही. २ मिमीच्या ट्यूबला सीओटू वेल्डिंग उत्तम. आर्कच असेल तर २.५ मिमीची ६०१३ रॉड, ६० ते ८० अँपिअर. ३.१५ ची रॉड भोकं पाडते.

मोटारसायकलची फ्रेम इंजिनाच्या पुढं कापा. इंजिनाचे माउंट आणि स्विंग आर्मचा पिन ज्या मागच्या भागावर आहेत तो अखंड ठेवून नव्या चौकटीत वेल्ड करा. म्हणजे चेनची रेषा कंपनीनं दिलेलीच राहते. ती हातानं जुळवायला गेलात तर आठवडा जातो, आणि तरी चेन स्प्रॉकेटच्या एका कडेला घासते.

पुढचे आर्म, स्प्रिंग, स्टिअरिंग

ओम्नीचा उभा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा खांब) जसाच्या तसा लावला तर बॉनेट छातीएवढं उंच होतं. स्ट्रट काढून वर-खाली दोन आर्म करा. आर्मला सीमलेस पाइप, २५ मिमी बाहेरचा व्यास, २.५ मिमी जाडी. पाण्याचा जीआय पाइप इथं अजिबात नको. आतल्या टोकाला बुश, बाहेर बॉल जॉइंट, सगळीकडं ८.८ ग्रेडचे १२ मिमी बोल्ट आणि आपोआप सैल न होणारे नायलॉक नट. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड आणि आतल्या बाजूला थोडा उतरता ठेवला की गाडी झुकताना बाहेरचं चाक उभं राहतं.

स्प्रिंगच्या बाबतीत अंदाजपंचे काम करू नका. पुढच्या प्रत्येक चाकावर चालकासह १४५ किलो येतात. चाक-हबचं वजन वजा जाता स्प्रिंगवर साधारण १२५ किलो. शॉकअप तिरपा बसतो, म्हणून चाक १० मिमी हललं तर तो ७ मिमी दबतो असं धरा. या मापाला मिलिमीटरला २३ न्यूटनच्या आसपासची स्प्रिंग लागते. ती तपासायची पद्धत सोपी: प्लॅटफॉर्म काट्यावर स्प्रिंग उभी करा, ड्रिल प्रेसच्या चकनं वरून दाबा. थोडी दबल्यावर काटा शून्य करा आणि आणखी बरोबर २५ मिमी दाबा. काट्यावर ५८-५९ किलो आले तर स्प्रिंग योग्य. ४० आले तर गाडी खड्ड्यात पोट टेकवेल. ९० आले तर चाक जमीन सोडून उड्या मारेल. दबलेली स्प्रिंग चकमधून निसटली तर गोळीसारखी येते, म्हणून आतून एक दांडा घाला आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

स्टिअरिंग रॅक ॲक्सलच्या मागं आहे की पुढं, हे मूळ गाडीत नीट बघून ठेवा. मागचा रॅक तसाच उचलून पुढं लावला की स्टिअरिंग उजवीकडं फिरवल्यावर चाकं डावीकडं वळतात. पहिल्यांदा बांधणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते, आणि ती चौकट रंगवून झाल्यावर लक्षात येते. स्टिअरिंग नकलच्या (हब धरून चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या) बाहूंच्या रेषा मागं वाढवल्या तर त्या मागच्या चाकाच्या मध्यावर मिळाल्या पाहिजेत. तसं झालं की वळताना आतलं चाक पुरेसं जास्त वळतं आणि टायर खरवडत नाही.

मग स्प्रिंग काढून ठेवा आणि जॅकनं चाक ४० मिमी वर, ४० मिमी खाली न्या. चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक पेन्सिल बांधून समोर उभ्या प्लायवर रेघा उमटवा. दोन्ही रेघा समांतर राहिल्या तर ठीक. एक रेघ दुसरीपासून दूर जात असेल तर खड्ड्यावर चाक आपोआप वळणार, म्हणजे रॅकची उंची चुकली आहे. २५ मिमीच्या हालचालीत १ मिमीपेक्षा जास्त फरक सोडू नका, रॅकखाली पॅकिंग घालून किंवा काढून तो घालवा. शेवटी टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) १ ते २ मिमी, कॅस्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागं कल) ४ ते ६ अंश, कॅम्बर (चाकाचा बाजूला कल, उणे म्हणजे वरून आत) उणे अर्धा ते उणे एक अंश.

मागचं चाक

मोटारसायकल वळणात झुकते म्हणून तिचा टायर गोल असतो. आपली गाडी झुकत नाही. त्यामुळं गोल टायरची मधली दोन-तीन बोटांची पट्टीच जमिनीला टेकते, तीच झिजते, आणि बाजूची पकड कमी पडते. ४०-५० किमी वेगापर्यंत हे निभतं. त्यापुढं १२ इंची कारचं चाक लावायचं. त्यासाठी ईएन-८ पोलादाच्या बारमधून हब कातून घ्या, एका बाजूला स्प्रॉकेट, दुसऱ्या बाजूला डिस्क. तारांचं चाक असेल तर ते बदलाच. तारा उभ्या भारासाठी असतात, वळणातला आडवा जोर त्यांना सोसत नाही, आधी सैल होतात आणि मग हबजवळ तुटतात. स्विंग आर्मलाही आडव्या जोरासाठी वरून एक त्रिकोणी आधार द्या.

गाडी जड झाल्यामुळं मागचा स्प्रॉकेट १५ ते २० टक्के जास्त दातांचा हवा. ४२ चा असेल तर ४९ किंवा ५०. हे न करता चढावर अर्धा क्लच धरून चालवलं तर क्लचप्लेटा जळतात. रिव्हर्स गिअर नसतो, पण ३५० किलोची गाडी सपाटीवर एक माणूस ढकलू शकतो. ते नको असेल तर १२ व्होल्टची गिअर मोटर आणि छोटी चेन लावून वेगळी सोय करा. मात्र इंजिन न्यूट्रलला असतानाच ती चालू होईल असा स्विच जोडा.

एक गोष्ट बांधणीत बदलता येत नाही. तीनचाकी तीन रेघांवर चालते. गाडीवाटेवर पुढची चाकं चाकोरीत बसतात आणि मागचं चाक मधल्या उंचवट्यावरून जातं, गवतातून, बाभळीच्या काट्यांतून. खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन वाचवावा म्हटलं तर मागचं चाक नेमकं त्यातच जातं. १५० मिमी ग्राउंड क्लिअरन्स ठेवा आणि मागच्या टायरला पंक्चर रोखणारं सीलंट भरा.

ब्रेक

जोरात ब्रेक लावला की या मापाच्या गाडीचं ८० टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या चाकांवर जातं, मागं २० टक्केसुद्धा राहत नाही. मागचा ब्रेक जोरकस असेल तर चाक लॉक होतं आणि गाडी गर्रकन फिरते. मागं मोटारसायकलचं लहान कॅलिपर आणि वाटेत जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ठेवा.

कारचा टँडम (दोन सर्किटांचा) मास्टर सिलिंडर वापरताना कारची पाइपरचना विसरा. तिथं एका सर्किटवर पुढचं डावं-मागचं उजवं अशी तिरपी जोडणी असू शकते. इथं एका सर्किटवर पुढची दोन्ही चाकं आणि दुसऱ्यावर फक्त मागचं. तिरपी जोडणी ठेवली आणि एक सर्किट गेलं तर एकाच पुढच्या चाकाला ब्रेक लागून गाडी बाजूला खेचते. बूस्टर नको, पेडलचं गुणोत्तर ५ किंवा ६ ला १ ठेवा. पाइप ब्रेकचाच, टोक दुहेरी पसरवून (डबल फ्लेअर) केलेला. फ्रीजचा तांब्याचा पाइप कंपनांनी तडकतो. हँडब्रेक केबलचा, हायड्रॉलिकशी संबंध नसलेला.

काट्यावर चढवा

बॉडी चढवण्याआधी गाडी तोला. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याकडं ३०० किलोचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो, तो पुरतो. सीटवर ७५ किलोची वाळूची पोती बांधा. एक चाक काट्यावर असताना बाकीची दोन काट्याच्या उंचीच्याच ठोकळ्यांवर ठेवा, नाहीतर आकडा खोटा येतो. पुढच्या दोन चाकांची बेरीज एकूण वजनाच्या ६५ ते ७० टक्के आली पाहिजे. कमी आली तर बॅटरी, टाकी, स्पेअर चाक पुढं न्या. तरीही कमी असेल तर सीट पुढं घ्या. शिशाचं वजन टाकून आकडा गाठू नका.

उंची काढायला शॉकअपच्या जागी तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या लावून गाडी ताठ करा. ब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. पुढची चाकं काट्यावर ठेवून चेन ब्लॉकनं मागचं चाक ५०० मिमी उचला. समजा पुढचं वजन २९० वरून २९९ किलो झालं, ९ किलो वाढलं. ९ × २२०० ÷ (४२५ × ०.२३३) म्हणजे २०० मिमी. त्यात पुढच्या चाकाची त्रिज्या, दबलेल्या टायरसह २४५ मिमी, मिळवली की मध्याची उंची ४४५ मिमी. काट्याची १ किलोची चूक म्हणजे उंचीत २२ मिमीची चूक, म्हणून तीनदा तोलून सरासरी घ्या.

बॉडी

१.२ मिमी ॲल्युमिनियम पत्रा रिव्हेट करणं सगळ्यांत सोपं. फायबर करायचं तर ५ चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचे दोन थर, म्हणजे साडेचार किलो मॅट आणि १० ते ११ किलो पॉलिस्टर रेझिन. हार्डनर १ ते २ टक्के, एप्रिल-मेच्या उन्हात एकच टक्का, नाहीतर डबड्यातच दगड होतो. पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि थर पांढरट पडून सुटतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढा. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर.

विजेवर बांधायची तर

आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी वीजच घ्यावी असं आम्हाला वाटतं, आणि कारण पर्यावरणापेक्षा बांधणीचं जास्त आहे. रिव्हर्स कंट्रोलरमधूनच मिळतो. इंजिनाच्या उष्णतेचा प्रश्न संपतो. सगळ्यांत महत्त्वाचं, बॅटरी हे असं वजन आहे जे हवं तिथं, अगदी चालकाच्या पायांखाली, पुढच्या ॲक्सलजवळ, जमिनीलगत ठेवता येतं. वरच्या सूत्राला याहून चांगली मदत नाही.

मोटर किती मोठी? ४५० किलोची गाडी १० टक्के चढ २० किमी वेगानं चढवायला चाकाशी साधारण ३ किलोवॅट लागतात. म्हणजे सलग ४ किलोवॅट देणारी मोटर घ्या. विक्रेता सांगतो तो आकडा बऱ्याचदा क्षणिक असतो, ‘सलग किती’ हे विचारा. माणच्या माळावरच्या चढावर आणि मिरजेच्या सपाटीवर तीच मोटर वेगळी वागते. बॅटरी लोखंड-फॉस्फेट जातीची, ३.२ व्होल्टचे २४ सेल मालिकेत, ६० अँपिअर-तास, एकूण ४.६ युनिट. किलोमीटरला ६५ वॅट-तास खर्च धरून आणि थोडी शिल्लक ठेवून ६० किमी धावते. हब मोटर घेऊ नका. ती मागच्या चाकात वजन वाढवते, तेही स्प्रिंगच्या खाली. चौकटीवर मोटर आणि चेन बरी. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरातच डीसी फ्यूज, मग कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच), आणि हाताला सहज सापडेल असं लाल बंद करण्याचं बटण. एसी घरगुती एमसीबी इथं चालत नाही, डीसीचा ठिणगीझोत तो तोडू शकत नाही.

पहिल्या फेऱ्या

पहिली फेरी १५ किमी वेगात, नुसते ब्रेक. सरळ रेषेत थांबवा आणि मागचं चाक आधी लॉक होत नाही ना बघा. मग १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीनं आखून हळूहळू वेग वाढवा, बाजूनं एकजण आतल्या पुढच्या चाकाकडं बघत उभा राहील. टायर ओरडायला लागण्याआधी चाक हलकं झालं तर तिथंच थांबा, परत काट्यावर जा. ५० किमी झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढा, हललेला नट लांबूनही दिसतो. कान आणि आर्मची वेल्डिंग डाय पेनिट्रंटनं (बारीक तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगानं) तपासा. तडा पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच येतो.

पुढं काय

या गाड्यांचं आपल्याकडचं भवितव्य एका नियमावर अडलं आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून मान्यता देतात, म्हणून तिथं संच विकले जातात. आपल्याकडं तशी सोय होईपर्यंत रस्त्यावरची वाट एकच: काही वर्कशॉप आणि एखादं कॉलेज यांनी मिळून एक नमुना ठरवायचा, एल-५ या तीनचाकींच्या वर्गात त्याची मान्यता घ्यायची, आणि बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा-मानकाप्रमाणं तपासलेली लावायची. खर्च वाटला जातो आणि पुढची प्रत्येक गाडी त्याच नमुन्याची होते. माणसं इथं आहेत. सांगलीचं वालचंद कॉलेज, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी इथं वाहनाचं काम शिकलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या एफिसायकल स्पर्धेत तर दोघांनी चालवायची, पायडल आणि विजेवर चालणारी तीनचाकीच बांधायची असते. देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली, तेव्हा २०२१ च्या अखेरीस सगळ्या देशानं ती पाहिली. त्या गाडीलाही हाच नियम आडवा होता, आणि शेवटी तिच्या बदल्यात महिंद्रा कंपनीकडून बोलेरो मिळाली.

म्हणून बांधताना कागद आत्तापासून जमवा. सामानाच्या पावत्या, रद्द केलेल्या नोंदणीची प्रत, पाइप आणि बोल्टांचा ग्रेड, तिन्ही चाकांवरचं वजन, मध्याची उंची, वेल्डिंगचे नमुना तुकडे वाकवून काढलेले फोटो, ब्रेकचं थांबण्याचं अंतर. मान्यतेच्या टेबलावर पहिल्यांदा याच गोष्टी विचारल्या जातात, आणि चौकट रंगवून झाल्यावर त्यातल्या निम्म्या पुन्हा मोजता येत नाहीत.